जुळे सोलापुरात प्लॉट घेताय? आधी खड्डा घ्या, मग इसार द्या

प्रश्न असा आहे: सोलापूरच्या पूर्व भागातलं जुनं घर पाच माणसांना अपुरं पडतंय. जुळे सोलापुरात दोन गुंठ्यांचा प्लॉट बघून ठेवलाय. तेवढ्याच पैशात कुंभारीकडे चार गुंठे मिळतायत. तिसरा एजंट सोरेगावच्या पुढं अकरा गुंठ्यांच्या सामाईक खरेदीतला वाटा घ्या म्हणून मागं लागलाय. घ्यावं कुठं, आणि बांधताना काय सांभाळावं?

तिसऱ्याचं उत्तर सरळ 'नाही'. त्याचं कारण पुढं येईलच. पहिल्या दोघांत निवड करताना लोक दर, शाळा आणि रस्ता एवढंच बघतात. सोलापूरच्या कडेला घर सुखाचं होणार की डोकेदुखीचं, हे बहुतेक वेळा तीन गोष्टींवर ठरतं: जमिनीखाली मुरूम किती फुटांवर आहे, नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि सातबाऱ्यावर नेमकं काय लिहिलंय. दर या तिन्ही गोष्टी कळल्यावर बोलायचा.

आधी भाग समजून घ्या. 1992 च्या हद्दवाढीत बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी भोवतालची गावं महापालिकेत आली आणि शहर सुमारे 178 चौरस किलोमीटरचं झालं. गावठाणाभोवती जिरायत शेती आणि त्या शेतीतून एकेक गट तोडून पडलेले प्लॉट, असा हा सगळा 'हद्दवाढ भाग' आहे. जुळे सोलापूर त्यातलं सगळ्यात भरलेलं उपनगर. एका बाजूला विजापूर रोड, दुसऱ्या बाजूला होटगी रोड. नोकरदार, शिक्षक, बँकवाले आणि मुलांच्या शिक्षणासाठी दक्षिण सोलापूर, मंगळवेढा, अक्कलकोटकडून आलेली शेतकरी कुटुंबं इथं राहतात. एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि तेलुगू ऐकू येतं, त्यामुळे पूर्व भागातून येणाऱ्याला परकं वाटत नाही. शाळा, दवाखाने, किराणा, मंगल कार्यालयं सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. मात्र 'जुळे सोलापूर' हे नाव सातबाऱ्यावर शोधू नका. तिथं मजरेवाडी, सोरेगाव असं जुन्या महसुली गावाचं नाव असतं, आणि कोणता तलाठी, कोणता गाव नकाशा हे त्यावरूनच ठरतं.

कुंभारी ही वेगळी गोष्ट आहे. अक्कलकोट रोडवरचं हे गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीचं. त्याची ओळख बदलली ती विडी कामगारांच्या घरांनी. 2006 मध्ये इथं गोदुताई परुळेकर वसाहतीतली दहा हजार घरं दिली गेली. नंतर शेजारीच रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला. त्याची पायाभरणी जानेवारी 2019 मध्ये झाली आणि पहिली पंधरा हजार घरं जानेवारी 2024 मध्ये ताब्यात दिली गेली. वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालयही कुंभारीत आहे. म्हणजे वस्ती आहे, वर्दळ आहे, पण पाणी, गटार, दिवाबत्ती महापालिकेची नाही. चार गुंठे स्वस्त का मिळतात, त्यातलं बरंचसं उत्तर इथं आहे. तुमच्या घरात कोणी विड्या वळत असेल तर आणखी एक हिशेब करा. पान-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या जमा करायला विडी कारखान्याच्या ब्रँचवर जावं लागतं. हजार विड्यांच्या मजुरीतून रोजचं जाण्यायेण्याचं भाडं गेलं तर हातात काय उरतं? यंत्रमागावर पाळी करणाऱ्याला मात्र अक्कलकोट रोड एमआयडीसी कुंभारीहून सोपी पडते.

आता मुख्य मुद्दा, जमीन.

सोलापूरची काळी माती ज्वारीला सोन्यासारखी आणि घराला वैऱ्यासारखी. पाणी मिळालं की फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात मोकळ्या रानात उभे राहा, बोट जाईल एवढ्या भेगा दिसतात. हाताची मूठ जाईल अशाही असतात. सोलापुरात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरच्या परतीच्या पावसाचा. म्हणजे आठ महिने वाळलेली माती एकदम भिजते. अशा मातीवर टेकलेला पाया दर वर्षी थोडा उचलला जातो आणि थोडा बसतो. सगळीकडे सारखा उचलला असता तर काही बिघडलं नसतं. पण घराच्या कडेची माती भिजते, मधली कोरडी राहते. न्हाणीघराच्या बाजूची कायम ओली असते, हॉलखालची नाही. घर पिळवटतं ते या फरकामुळे.

त्याची खूण ओळखायला शिका, कारण ती शेजारच्या घरांवर फुकटात वाचता येते. खिडकीच्या खालच्या किंवा वरच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरका गेलेला तडा, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला केसासारखा. गिलाव्यात जाळीसारख्या पसरलेल्या बारीक रेघा वेगळ्या; त्या पाणी नीट न मारल्याच्या असतात, त्यांची भीती नाही. काळ्या जमिनीचा तडा मे महिन्यात उघडतो आणि पावसाळ्यानंतर मिटत येतो. मालकानं उन्हाळ्यात तो सिमेंटनं भरला की ऑक्टोबरला भिंतीला मिटायला जागा उरत नाही, आणि शेजारी दुसरा तडा जातो. एकाच तड्यावर तीन रंगांची मलमपट्टी दिसली तर समजा, तो दर वर्षी हलतो. दुसरी खूण फरशी. हॉलच्या मधोमध फरशी घुमटासारखी उचललेली असते आणि दार उघडताना खाली घासतं. प्लॉटच्या चारही बाजूंची पाच-सहा घरं अशी नजरेखालून घातली की निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं खड्ड्यानं. इसार, म्हणजे व्यवहाराची आगाऊ रक्कम, देण्याआधी मालकाची परवानगी घेऊन प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत चार बाय चार फुटांचे खड्डे घ्या. जेसीबीचं तासाभराचं काम आहे. मालक नको म्हणाला तर ती माहितीसुद्धा कामाची. खड्ड्याची उभी भिंत वरून खाली वाचायची. वर काळी माती. तिच्याखाली बहुधा तपकिरी, पांढऱ्या चुनखडीचे खडे मिसळलेला थर. तो बघून 'मुरूम लागला' असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तो मुरूम नव्हे. ओला करून चोळला तर हाताला चिकटतो, म्हणजे त्यात माती आहे. त्याखाली मऊ मुरूम, टिकावाच्या एका घावात भुसभुशीत सुटणारा. आणि मग कठीण मुरूम. इथं टिकावाचा आवाज बदलतो, तुकडे धारदार निघतात, जेसीबीचे दात खरवडल्यासारखे चालतात. पाया टेकवायचा तो इथं. एकाच कॉलनीत एका प्लॉटला हा थर चार फुटांवर लागतो आणि दोन प्लॉट सोडून बारा फुटांवर जातो, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर पायाचा अंदाज बांधू नये. दोन खड्ड्यांत चार-पाच फुटांचा फरक आला तर तिसरा घ्या. जुनी विहीर किंवा खडीची खाण बुजवून वर मुरूम पसरलेले प्लॉटही विकले जातात. खड्ड्यात विटांचे तुकडे, प्लास्टिक, राख दिसली की उठा तिथून. जुन्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांत विहिरीची नोंद असते, तीही बघून ठेवा.

माती किती फुगते हे घरीही कळतं. खड्ड्यातली माती वाळवून, बारीक करून, बारीक चाळणीनं चाळून घ्या. मापाच्या दोन काचेच्या नळ्या घ्या, औषधाच्या मापाच्या बाटल्याही चालतात. दोन्हीत दहा-दहा मिली माती टाकायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. हलवून बुडबुडे काढायचे आणि दिवसभर ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, दहावरच राहते. पाण्यातली सोळावर गेली तर फुगवटा 60 टक्के. 20 च्या आत असेल तर काळजी कमी. 35 च्या वर गेला तर पायात कसलीही काटकसर नको, आणि 50 च्या वर म्हणजे अतितीव्र. प्रयोगशाळेत हीच चाचणी ठरावीक चाळणी लावून काटेकोर होते. इंजिनियरला तो अहवाल हवाच, घरचा प्रयोग फक्त प्लॉट घ्यावा की नाही एवढ्यापुरता.

पाया कसा? कठीण मुरूम आठ फुटांच्या आत असेल तर कॉलम काढून प्रत्येक फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद पाया, त्यावर टेकवायचं. हा सगळ्यात निर्धोक मार्ग. एक नियम मोडायचा नाही: निम्मी फुटिंगं मुरमावर आणि निम्मी काळ्या मातीवर असं होता कामा नये. खोदाईचा खर्च वाचवायला मागच्या दोन कॉलमना 'इथं कडक लागलंय' म्हणून वरच थांबवतात आणि पुढं जिन्याचा कोपरा सुटतो. मुरूम दहा-बारा फुटांखाली गेला तर अंडर-रीम्ड पाइलचा हिशेब मांडा. साधारण 250 ते 300 मिलिमीटर व्यासाचा, साडेतीन-चार मीटर खोल पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेला काँक्रीटचा खांब, खाली त्याच्या अडीच पट व्यासाचा फुगवटा. माती वरच्या थरात कितीही हलली तरी खालचा फुगवटा धरून ठेवतो. हे काम करणारी टोळी वेगळी असते, नेहमीच्या गवंड्याच्या भरवशावर ते सोडू नये.

कॉलम खोल नेले म्हणजे सुटलो असं समजून लोक पुढच्या गोष्टीत फसतात. ती म्हणजे प्लिंथ बीम, जोत्याच्या पातळीला कॉलम जोडणारा आणि भिंत पेलणारा आडवा बीम. बीम थेट काळ्या मातीवर ओतला तर पावसाळ्यात माती त्याला खालून ढकलते आणि वरच्या भिंतीला तडा जातो, पाया कितीही खोल असो. बीमच्या खाली तीन-चार इंच पोकळी हवी. ती राखायला बीमच्या दोन्ही बाजूंनी शहाबादी फरशी उभी लावतात, म्हणजे आतला मुरूम घसरून पोकळीत येत नाही. फरशी इथं स्वस्त आणि मुबलक आहे, त्यामुळे सबब चालणार नाही. गवंडी मात्र सवयीनं ती पोकळी विटा आणि गाळानं बंद करून टाकतो, 'उंदीर शिरतील' म्हणून. ओतण्याच्या दिवशी स्वतः उभे राहा.

जोत्यातली भर हा दुसरा सापळा. पायाची खोदलेली काळी माती समोरच ढीग करून पडलेली असते आणि ती जोत्यात ढकलली की दोन्हीकडचा वाहतुकीचा खर्च वाचतो. फरशी उचलली जाते ती बहुतेक वेळा याच काटकसरीनं. खोलीच्या आतली काळी माती निदान दोन-तीन फूट काढून टाका आणि मुरूम भरा. हिशेब सोपा: हजार चौरस फुटांचं जोतं तीन फूट भरायचं तर तीन हजार घनफूट, म्हणजे 30 ब्रास. ठोकल्यावर मुरूम बसतो, म्हणून 36 ते 38 ब्रास मागवा. एकदम ओतून वर पाणी सोडायचं नाही. सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येकावर पाणी शिंपडून धुम्मस. खालची काळी माती थोडी जरी राहिली असेल तरी जोत्यात हौदासारखं पाणी तुंबवू नका, तेच पाणी पुढं ती माती फुगवतं.

घराबाहेर चारही बाजूंना पाच-सहा फूट रुंद पट्ट्यात मुरूम भरून वर काँक्रीटची उतरती पट्टी करा, उतार बाहेरच्या बाजूला. पावसाचं पाणी पायापाशी मुरलं नाही तर माती भिजण्या-वाळण्याचा खेळ भिंतीपासून लांब होतो. पट्टीला लागून फुलझाडांचा वाफा आणि त्यात रोज सोडलेला पाइप हा या सगळ्या खर्चावर पाणी फिरवणारा शौक आहे. झाडं जरूर लावा, सोलापूरच्या 44-45 अंशांच्या उन्हात ती पाहिजेतच. पण पिंपळ, वड, सुबाभूळ, बदाम असली ओढाळ मुळांची झाडं भिंतीपासून निदान वीस फुटांवर. कडुलिंबही लांबच बरा. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर हे जमत नाही, तेव्हा ती लेआउटच्या मोकळ्या जागेत लावा. दोन गुंठे म्हणजे 2178 चौरस फूट. समोर, मागे, बाजूला सोडायची जागा वजा केली की घराला किती उरतं हे आधी नकाशावर काढून बघा.

आता पाणी.

सोलापूरला पाणी उजनी धरणातून येतं, दोन वाटांनी. एक सुमारे 110 किलोमीटरच्या जलवाहिनीनं थेट. दुसरी भीमा नदीतून: धरणातून नदीत सोडलेलं पाणी औज-चिंचपूर बंधाऱ्यात अडतं, टाकळीला उचललं जातं आणि सोरेगावच्या केंद्रात शुद्ध होऊन शहराच्या दक्षिण अंगाला पोहोचतं. शहराजवळचा हिप्परगा तलाव तिसरा, पण छोटा आधार. उजनीची एकूण साठवण 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीच्या आसपास मृतसाठा. उन्हाळ्यात धरण 'मायनस'मध्ये गेल्याची बातमी आली म्हणजे साठा या पातळीखाली उतरला. धरण भरलेलं असतानाही नळाला रोज पाणी येत नाही, कारण अडचण वाहून आणण्याची आणि वाटपाची आहे. उजनीहून दुसरी, समांतर जलवाहिनी घातली ती याचसाठी. तिनं पाण्याच्या दोन पाळ्यांतलं अंतर किती कमी होतं ते गल्लीतच विचारा.

म्हणून प्लॉट बघायला जाल तेव्हा एजंटाला 'पाणी आहे का' असं विचारू नका. समोरच्या घरातल्या बाईंना विचारा: पाणी किती दिवसाआड येतं, किती वाजता, किती वेळ, आणि पहिली दहा मिनिटं कसं येतं. पहिलं पाणी गढूळ किंवा वास मारणारं येत असेल तर कुठंतरी गटार आणि नळाची लाइन शेजारी शेजारी गळतायत. पाण्याच्या दिवशी गल्लीत येऊन थांबलात तर आणखी एक गोष्ट ऐकू येईल. पाणी सुटल्यावर पाच मिनिटांत घराघरातून मोटारींचा आवाज सुरू होतो. नळाला थेट मोटार लावणं बेकायदा आहे. पण त्याहून वाईट म्हणजे लाइनमध्ये ओढ तयार होते आणि सैल जोडातून बाहेरची घाण आत येते. गल्लीच्या शेवटच्या घराला मग पाणीच पोहोचत नाही. शेवटचा प्लॉट स्वस्त असण्याचं ते एक कारण असतं.

यावर घराचा इलाज म्हणजे जमिनीखालची टाकी, नळापेक्षा खालच्या पातळीवर, म्हणजे मोटारीशिवाय भरते. माप असं काढा: माणशी 135 लिटर धरले तर पाच माणसांना दिवसाला 675. दर पाचव्या दिवशी पाणी येत असेल तर 3375. एखादी पाळी चुकतेच, पाइप फुटतो, वीज जाते. म्हणून दुप्पट, साधारण 7000 लिटर. आतून सात फूट बाय सहा फूट बाय सहा फूट पाण्याची खोली ठेवली की 252 घनफूट, म्हणजे 7100 लिटरच्या वर. झाकणाखाली फूटभर मोकळं सोडा. टाकी विटांची नको. पावसाळ्यात बाहेरची काळी माती फुगते आणि नेमकी तेव्हा टाकी रिकामी असली तर भिंत आत ढकलली जाते. सहा इंच जाडीची आरसीसी भिंत, आणि भिंत व माती यांच्यात चारही बाजूंनी निदान फूटभर मुरूम किंवा वाळूची भर. टाकी पायाला चिकटवू नका. गळायला लागली तर पहिला फटका पायालाच.

बोअर हा दुसरा आधार. खाली बेसाल्ट आहे, पाणी भेगांतून मिळतं, त्यामुळे शेजाऱ्याला दोनशे फुटांवर दीड इंची लागलं म्हणून तुम्हाला लागेलच असं नाही. वरची माती आणि मुरूम संपून पक्का खडक लागेपर्यंत केसिंग पाइप नीट बसवा, नाहीतर पावसाळ्यात वरचं घाण पाणी आत उतरतं. पाणी बहुधा जड. गिझरच्या कॉइलवर थर चढतो, नळाच्या तोट्या पांढऱ्या होतात, भिंतीला तेच पाणी मारलं तर खार फुटून रंग सुटतो. बांधकामाआधी बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्या आणि फार खारं निघालं तर काँक्रीटला टँकरचं पाणी घ्या. कुंभारीकडे बोअर आणि ग्रामपंचायतीची योजना हाच मुख्य भरवसा, म्हणून तिथं ही चौकशी मे महिन्यातच करायची. ऑक्टोबरला सगळ्यांच्याच बोअरला पाणी असतं.

सांडपाण्याकडे कोणाचं लक्ष नसतं. देगाव, कुमठे आणि प्रतापनगरला महापालिकेची शुद्धीकरण केंद्रं आहेत, पण तुमच्या गल्लीत ड्रेनेजची लाइन टाकलीय का आणि ती पुढं जोडलीय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चेंबर दिसलं म्हणजे लाइन चालू असते असं नाही. झाकण उघडून आत पाणी वाहतंय का बघा. लाइन नसेल तर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. काळ्या मातीत शोषखड्डा काम करत नाही, कारण ओली काळी माती पाणी पुढं सोडतच नाही. दोन पावसाळ्यांत तो तुंबतो. शोषखड्डा मुरमापर्यंत खोल न्यावा लागतो, पायापासून निदान पंधरा फूट आणि बोअरपासून निदान पन्नास फूट लांब. दोन गुंठ्यांत हे सगळं बसवणं म्हणजे कसरतच. ड्रेनेज लाइन असलेला प्लॉट थोडा महाग असला तरी घ्यावा, असं माझं मत त्याचमुळे.

प्लॉट दोनदा बघा, एकदा मेमध्ये आणि एकदा सप्टेंबरच्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी. हद्दवाढ भागात शेतातले ओढे लेआउटच्या रस्त्यांनी अडले, काही बुजवले गेले, पण पाण्याला जुनी वाट आठवते. गाव नकाशावर ओढ्याची रेघ असते, ती तुमच्या गटाला कुठं छेदते ते बघा. शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवर जमिनीपासून फूट-दीड फुटावर मातकट आडवी रेघ दिसली तर तिथपर्यंत पाणी येतं. जोतं रस्त्याच्या मध्यापासून दोन-अडीच फूट वर ठेवा. डांबरावर डांबर चढत रस्ता दहा वर्षांत उंच होतो आणि जुनी घरं खड्ड्यात जातात. आतला रस्ता कच्चा असेल तर पावसाळ्यात मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये काळी माती भरून मोटारसायकल जागच्या जागी उभी राहते, काडीनं उकरून काढावी लागते. रस्ता विकासक करून देणार की महापालिका, हे लेखी विचारा.

येण्याजाण्याचं थोडक्यात: विजापूर नाक्याकडून आणि होटगी रोडच्या आसरा पुलाकडून, अशी शहरात शिरायची दोन तोंडं आहेत आणि दोन्ही सकाळ-संध्याकाळ तुंबतात. तुमचं काम पूर्व भागात असेल तर आसऱ्याकडचा प्लॉट बरा. केगाव-हत्तूर बायपासमुळे विजापूरकडची जड वाहनं बाहेरून जातात, तेवढा आराम. परिवहनच्या बसवर भिस्त ठेवू नका, रिक्षा किंवा दुचाकीच. होटगी रोडच्या विमानतळावरून जून 2025 मध्ये नियमित सेवा सुरू झाली आहे. त्या बाजूला मजले चढवायचा विचार असेल तर उंचीची मर्यादा बांधकाम परवाना विभागात आधी विचारून घ्या.

शेवटी कागद, आणि तुमचा तिसरा एजंट.

'अकरा गुंठे सामाईक' म्हणजे काय? तुकडेबंदी कायद्याप्रमाणे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याची शेतजमीन विकता येत नाही. 2023 पासून हे प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे आहे. त्यातून वाट काढायला दहापेक्षा थोडं जास्त क्षेत्र पाच-सहा जणांच्या नावे एकत्र खरेदी करतात आणि आतली विभागणी साध्या कागदावर, चुन्याच्या रेघांनी. सातबाऱ्यावर नाव लागतं, पण कोणता कोपरा तुमचा हे कुठंच लिहिलेलं नसतं. बांधकाम परवाना मिळत नाही, बँक कर्ज देत नाही, आणि एका भागीदारानं वाटा विकला किंवा वारस वाढले की भांडण सुरू. तुकडेबंदीत अधूनमधून सवलती जाहीर होतात, पण सवलत येईल या आशेवर घेतलेला प्लॉट म्हणजे जुगार. गुंठेवारीचं, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडून विकलेल्या प्लॉटांचंही तसंच. ते नियमित करण्याचा 2001 चा कायदा मुळात त्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंतच्या प्लॉटसाठी होता, 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे त्यात आले. 'गुंठेवारीत नियमित होईल' असं सांगणाऱ्याला एवढंच विचारा: प्रस्ताव दाखल आहे का, शुल्क भरल्याची पावती आहे का, नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आहे का. तिन्ही नसतील तर ती फक्त बडबड.

दोन गुंठ्यांच्या प्लॉटसाठी मागायचे कागद असे: मंजूर रेखांकनाची (लेआउटची) प्रत आणि त्यावर तुमचा प्लॉट क्रमांक, बिनशेती आदेश, स्वतंत्र सातबारा किंवा मिळकत पत्रिका, त्यामागचे फेरफार, आणि वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2', म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन, असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार नाही, एवढं समजून थांबा. नागरी कमाल जमीन धारणा कायदा राज्यात 2007 मध्ये रद्द झाला, तरी जुन्या शेऱ्यांचा गुंता काही गटांवर अजून असतो. इतर हक्काचा रकाना म्हणून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. रस्ता रुंदीकरण किंवा बगिचाचं आरक्षण त्यातच कळतं. रेखांकनातली 'खुली जागा' प्लॉट म्हणून विकण्याचे प्रकार होतात, तेव्हा नकाशावरच्या शेजाऱ्यांचे क्रमांक जागेवरच्या शेजाऱ्यांशी जुळवून बघा.

मोजणी खरेदीआधी. भूमी अभिलेखमध्ये हद्द कायम मोजणीचा अर्ज करून मोजणी नकाशाची 'क' प्रत घ्या, तिचा खर्च विकणाऱ्यानं करावा असं इसारपत्रातच लिहा. त्याच इसारपत्रात आणखी एक ओळ घाला: खरेदीआधी घेतलेल्या आणखी एखाद्या चाचणी खड्ड्यात कठीण मुरूम अमुक फुटांच्या आत न लागल्यास इसार परत. विकणारा हसेल, एजंट वैतागेल. पण ज्याला स्वतःच्या प्लॉटखाली काय आहे ते माहीत आहे, तो सही करतो.